हर्षाचं नळकांडं

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या आमच्या गल्लीत बातमी पसरली, की गुलाबभाऊ निमगड्यांच्या हर्षाला पाहायला पुण्या-बंगलोरची पोरं येणार आहेत. एक-दोन नाही, बस भरून. बातमीचा उगम लटारूच्या पानठेल्यावर. लटारू सुपारी कातरता कातरता जे बोलतो, ते तुकूम ओलांडून ऊर्जानगरच्या फाटकापर्यंत जातं आणि तिथून शिफ्टच्या बसमध्ये बसून परत येतं, तोवर त्याला शेपूट फुटलेलं असतं. ही बातमी परत आली ती अशी : पोरं बुद्धविहारात रांगेत बसणार, हर्षा एकेकाला प्रश्न विचारणार, अडखळला की पुढचा. वडाभाताचं सामान आलेलंच आहे, म्हणजे एखादा पसंत पडला तर तिथंच साक्षगंध उरकणार.

यातलं विहार खरं, प्रश्न खरे आणि वडाभात तर शंभर टक्के खरा. बाकी सगळं लटारूचं. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची लग्नं झालेली होती, काही तर बायाच होत्या, आणि त्या साऱ्यांच्या वरच्या म्हणाव्यात त्याही एक बाईच, पुण्याच्या डॉ. मृणालिनी सोहनी. ही मंडळी हर्षाला पाहायला नव्हे, हर्षाचा प्रोग्राम पाहायला येत होती. पण गल्लीला प्रोग्राममध्ये काय रस? आमच्याकडे प्रोग्राम म्हणजे मंडप, भोंगा आणि पाहुण्यांचे हार.

हर्षा आमच्यासमोर वाढली असं मी सांगत सुटतो, पण ते अर्धंच खरं आहे. ती वाढली ऊर्जानगरच्या क्वार्टरात. गुलाबभाऊ वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर होते. लाइट जाते हे तिथं पोरीला पुस्तकात वाचूनच कळलं असावं. भाऊ रिटायर झाले, तुकूमच्या आमच्या गल्लीत घर बांधलं, आणि पहिल्याच दिवशी भरदुपारी पंखा थांबला तेव्हा हर्षा म्हणाली, "बाबा, पंखा बिघडला." भाऊ म्हणाले, "पंखा नाई बिघडला, माय. आता आपण गावात आलो."

स्वभावाने ती पहिल्यापासूनच उलट्या खोपडीची. लहानपणी गुलाबभाऊ तिला मार्कंड्याच्या जत्रेत घेऊन गेले होते. ("देवासाठी नाई, भैयाजी, जिलबीसाठी," हे ते मला आजही न विचारता सांगतात.) गर्दीत चुकामूक झाली. दुसरी पोर रडली असती. हिने भोंगेवाल्याचा मांडव गाठला आणि सांगितलं, "माझे बाबा हरवले आहेत, पांढरा शर्ट, भित्रे आहेत, लवकर पुकारा." साऱ्या वैनगंगेच्या काठाने ऐकलं. भाऊ धावत आले तर ही खुर्चीवर बसून चणे खात होती.

नागपुरात शिकली, परत आली, इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागली. बरोबरीच्या पोरी-पोरं पुण्याला गेली, काही अमेरिकेला. ही कॉलेज सुटलं की ओट्यावर लॅपटॉप मांडून बसायची. मी एकदा डोकावलो, तर पडद्यावर चौकटीच चौकटी, एकीतून निघालेली रेघ दुसरीत शिरलेली, थेट नळाच्या पाइपाचे तुकडे जोडावेत तशी. तेव्हापासून मी त्याला 'हर्षाचं नळकांडं' म्हणू लागलो आणि तेच नाव गल्लीत रूढ झालं. खरं नाव इंग्रजीत आहे, ते माझ्या तोंडात बसत नाही.

"हे आहे तरी काय?" मी विचारलं.

"भैयाजी, बल्लारशाचं जंक्शन पाह्यलं ना?"

"पाह्यलं. तिथंच माझं पाकीट मारलं."

"गाडी आली का तिले काजीपेटकडं सोडाची का गोंदियाकडं, ते केबिनवाला ठरवते. इंटरनेटमधी चिठ्ठ्या धावत राह्यतात. त्यायच्या जंक्शनवर जो केबिनवाला बसते, तो राउटर."

"मग तो दुकानात मिळते ना डब्यात?"

"मिळते. पण डबा सीलबंद. कंपनीनं शिकवलं तेवढंच करते. आमचं हे सॉफ्टवेअर म्हणजे साऱ्या कामाले येगयेगळा माणूस. एक पत्ता वाचते, एक रांग लावते, एक मोजते, एक बिनपत्त्याचं फेकून देते. पाहिजे तसे एकामागं एक उभे करा. नवा माणूस लागला तर बनवा अन् मधात घुसवा."

"म्हणजे पंगतीत वाढणारे."

"बस्स! भातवाला येगळा, वरणवाला येगळा. तुमाले जेवणाचं सांगितलं का लवकर समजते."

हे सॉफ्टवेअर कोणा एकाच्या मालकीचं नव्हतं. देशोदेशीची मंडळी मिळून ते लिहीत, फुकट वाटत, आणि एखाद्याने नवा 'माणूस' बनवला तर तो सगळ्यांच्या पंगतीत घ्यायचा की नाही, हे काही जाणते ठरवत. आपल्याकडच्या जाणत्या म्हणजे या सोहनी मॅडम.

हर्षाने एक माणूस बनवला होता. त्याचं काम सांगायला सोपं. पुढची वाट अचानक बंद झाली, तर बाकीचे चिठ्ठ्या सरळ फेकून देतात. हा फेकत नाही. काखेत धरून उभा राहतो, दुसरी वाट शोधतो, सापडली की तिकडून रवाना करतो. दोन वर्षं ती यावर खपली होती. सुट्ट्या गेल्या, मावसबहिणीचं लग्न चुकलं, आणि लग्न चुकवणं म्हणजे आमच्याकडे केवढा गुन्हा ते मी सांगायला नको. शेवटी तिने ते मॅडमकडे पाठवलं. मॅडमचं उत्तर सभ्य होतं, पण आलं ते नाही असंच : तुमचा तुकडा चिठ्ठ्या धरून ठेवतो म्हणून जागा खातो, सगळ्या कामाला जड करतो, आणि ज्यांच्या तारा वारंवार तुटतात त्यांनी आधी तारा दुरुस्त कराव्यात.

त्यावर आमच्या हर्षाने काय लिहावं? तिने लिहिलं, यंदाचा मेळावा आमच्याकडे चंद्रपूरला घ्या. इथं येऊन पाहा, आणि तरीही गरज वाटली नाही, तर मी तो तुकडा मागे घेते, पुन्हा नाव काढणार नाही.

गुलाबभाऊंना हे कळलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "दोन वर्षं एका बोलण्यावर लावली तू?"

"हो."

"काऊन?"

"म्हणजे ते येतीन तरी."

मंडळी आली खरी. आता ती चंद्रपूरला हर्षाच्या शब्दावर आली की ताडोबाच्या वाघावर, हा वेगळा विषय. ताडोबाची गाडी आधी ठरली होती आणि मेळावा नंतर, एवढं मला माहीत आहे.

कॉलेजात परीक्षा चालू होत्या, म्हणून मेळावा आमच्या गल्लीतल्या विहाराच्या सभागृहात भरला. आणि इथं गल्लीचा एक रिवाज सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या गल्लीच्या दोन बाजूंची लाइट दोन वेगळ्या लाइनींवरून येते. विहार, गुलाबभाऊंचं घर, माझं घर एका बाजूला. समोरची ओळ दुसऱ्या लाइनीवर, तिथं इनायतभाईंचं घर, ते मोटारी वाइंडिंग करतात. लोडशेडिंगच्या त्या काळात एका बाजूची गेली की बहुधा दुसरीची असायची. म्हणून रिवाज पडला होता : ज्यांची आहे त्यांनी बांबूवरून पलीकडे तार टाकायची. एक बल्ब, एक पंखा, इस्त्री नाही, शेगडी नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की पलीकडची लाइट आली की ज्याच्या घरची तार, त्याने ती लगेच उतरवून गुंडाळायची. सांडग्यांचा डबा परत न करणारी बाई एकवेळ चालेल, पण लाइट आल्यावर तार लटकत ठेवणारा आमच्यात चालत नाही. तार खाली आली तर सायकलवाल्याच्या गळ्यात पडते, म्हणून. या नियमात इनायतभाईंच्या बायकोचा, जाहिदाभाभींचा हात कोणी धरू शकत नाही. भाकर तव्यावर असली तरी उठतील, पण तार आधी.

मेळाव्याच्या सकाळी हर्षाने आपला प्रयोग मांडला. एक कॉम्प्युटर विहारात, त्याला जोडलेलं चित्र भिंतीवर मोठं दिसणार. दुसरा इनायतभाईंच्या घरी, त्याच्यासमोर कॅमेरा आणि कॅमेऱ्यासमोर गुलाबभाऊ. तिसरा लटारूच्या ठेल्यात, चुन्याच्या डब्याशेजारी, बॅटरीवर. इनायतभाईंच्या घरून एक निळी केबल गल्लीवरून सरळ विहाराच्या खिडकीतल्या जोडापर्यंत आणि तिथून आत आली होती, त्याच बांबूवरून, जिथून लाइटीची तार येते. दुसरी वाट लांबची : छपरावरून लटारूकडे आणि लटारूकडून विहारात. गुलाबभाऊ तिकडे बोलणार, त्यांचं तोंड इकडे भिंतीवर दिसणार. मग सगळ्यांसमोर हर्षा निळी केबल उपसणार, आणि तिचा माणूस चिठ्ठ्या काखेत धरून लटारूच्या वाटेने आणणार. लटारू गिऱ्हाइकांना सांगत होता, "हवामानखात्याचं मशीन आहे, हात नका लावू."

पाहुण्यांची आधी भाषणं झाली. मी मागे बसलो होतो. एकाने पडद्यावर चौकटी दाखवून दाखवून अशी वाट वळवली, की मीच वाट चुकून जरा डुलकी काढली. पण माणसं गोड होती. एकमेकांना चुका दाखवत होती आणि ज्याची चूक निघाली तोच खूश होत होता. आमच्या गल्लीने हे शिकायला हवं, असं मला वाटलं. मग वाटलं, शिकली तर मी काय लिहू?

मधेच विहाराची लाइट गेली. पाहुणे 'ओह' म्हणाले. आम्ही दाराकडे पाहिलं. बाहेरून जाहिदाभाभींचा आवाज आला, "पकडो भैयाजी!" आणि तार आली. मी ती खिडकीतल्या जोडात बसवून खटका फिरवला, भिंतीवरचं चित्र परत उजळलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "हे नेहमीचं आहे?"

"तुमी आल्या म्हणून आज लवकर टाकली," मी म्हणालो.

हर्षाची पाळी आली. तिने सांगितलं, आता मी ही केबल काढणार. तोच मॅडम म्हणाल्या, "हर्षा, एक विचारू? केबल तू काढणार, कधी काढायची ते तू ठरवणार. तुझा तुकडा तयारच बसलेला असणार. यातून ठरवून तोडलेली तार त्याला झेपते एवढंच सिद्ध होईल. अचानक गेलेल्या वाटेचं काय?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच टोचला. हर्षाचा हात केबलवर होता, तो तिने खाली घेतला. मला तिचा चेहरा दिसत होता. जत्रेत चणे खाणारी पोर नव्हती ती त्या क्षणी. "मग कोणीही काढा, मॅडम," ती म्हणाली. "पण ज्याले माहीत आहे तो काढीन तेव्हा तुमी हेच म्हणान."

"हो, हेच म्हणेन," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आधी तुझा कोड समजावून सांग. प्रयोगाचं मग बघू."

ती कोड सांगू लागली. मागे भिंतीवर गुलाबभाऊ चालूच होते. भाऊंनी तरुणपणी गावच्या नाटकात फौजदाराचं काम केलेलं. पुढ्यात कॅमेरा आल्यावर त्यांना कोण थांबवणार? पट्ट्यावरून कोळसा कसा जातो, कोणत्या साहेबाने कधी बूट घसरून कोळशात आसन मांडलं, सगळं हातवारे करून चाललं होतं. आवाज लहान केला होता, पण हातवारे मोठे होते.

एवढ्यात विहाराचे पंखे फिरले. लाइट आली. सवयीने मी उठलो, खटका परत फिरवला, बसलो. भिंतीवरचे गुलाबभाऊ एका हाताने बूट घसरल्याचं दाखवता दाखवता पापणी लवेपर्यंत थबकले आणि मग साहेब कोळशात पडले. कोणाचं लक्ष नव्हतं. पाहुण्यांचं लक्ष कोडकडे, माझं स्वयंपाकाच्या वासाकडे.

आणि दारातून जाहिदाभाभी आल्या. डोक्यावर पदर, खांद्यावर गुंडाळलेल्या तारा. त्यांनी सभा बघितली, जरा लाजल्या, पण परत फिरल्या नाहीत. एक वेटोळं वेगळं करून त्यांनी थेट हर्षासमोर धरलं. निळं.

"ले बेटी, तुझी तार. आमच्या तारेसंगं बांबूवर होती. लाइट आली ना."

सभागृहातल्या सगळ्यांनी त्या निळ्या वेटोळ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर गुलाबभाऊ साहेबाच्या पँटीवरचा कोळसा झटकत होते.

मी आयुष्यात बऱ्याच सभा पाहिल्या, पण इतकी शिकलेली माणसं इतकी एकदम उभी राहिलेली पाहिली नाहीत. एकजण धावत गल्लीत गेला. बांबूवर काहीच नव्हतं. मॅडमनी भाभींना विचारलं, "तुम्हाला ही केबल काढायला कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले पाहिजे?" भाभी गोंधळल्या. "लाइट आली का तार घरी. काही गलत झालं का, हर्षा? परत लावून देऊ?"

हर्षाने ते वेटोळं छातीशी धरलं. ती एवढंच म्हणाली, "नाई भाभी. काहीच गलत नाई झालं."

लटारू ठेल्यावरून ओरडला, "माझ्या मशीनवर लाल दिवा भलताच लुकलुकून राह्यला गा! पाऊस येते का?" तेव्हा कुठे सभा हसली.

मॅडम मात्र सोपी बाई नव्हती, आणि ते बरंच झालं. त्यांनी हर्षाला शेजारी बसवून घेतलं, त्या वेळेच्या नोंदी उघडायला लावल्या, कोणती चिठ्ठी कुठे थांबली, किती गेल्या, किती राहिल्या, एकेक पाहिलं. लोक वडाभाताला उठले, या दोघी उठल्या नाहीत. मी पान वाढून त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. मॅडमनी एका हाताने वडा मोडला आणि दुसऱ्या हाताने पडद्यावर बोट ठेवलं. "इथे तू जागा फार घेतेस."

"कमी करता येते."

"कर. आणि ज्यांना नको त्यांच्यावर हा लादायचा नाही. ज्यांना हवा ते जोडतील."

"म्हणूनच तर येगळा माणूस बनवला, मॅडम. बाकीच्यायले हात नाई लावला."

मॅडम जेवल्या. पुन्हा वडा मागितला, तो मी आणला. मग हात धुऊन त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि साध्या शब्दांत सांगितलं, की हा तुकडा आपण सगळ्यांसाठी घेत आहोत, माझी आधीची हरकत मी मागे घेते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गुलाबभाऊ तोवर इनायतभाईंच्या घरून आले होते. त्यांना वाटलं टाळ्या आपल्याला. त्यांनी फौजदारासारखा सलाम ठोकला. आम्ही कोणी त्यांना सुधारलं नाही. तसं पाहिलं तर निम्म्या त्यांच्याही होत्याच.

गल्लीचं काय सांगू? त्या दिवसापासून जो तो हर्षाला ओळखणारा झाला. लटारूने तर सांगायला सुरुवात केली, की मशीन त्यानेच चालवलं. मी नाही म्हणायला गेलो नाही. पुण्या-बंगलोरच्या कोणत्या तरी यंत्रात आमच्या गल्लीतल्या पोरीने बनवलेला माणूस चिठ्ठ्या काखेत धरून उभा आहे, हे आठवलं की मीही पानाचे पैसे जरा रुबाबातच देतो.

पण सांगायची राहिली ती शेवटची गोष्ट. सगळं ठरल्यावर मॅडमनी लॅपटॉप पुढे ओढला. प्रत्येक तुकड्यासोबत एक ओळ लिहावी लागते, तो कशासाठी आहे म्हणून. त्या मोठ्याने म्हणत टाइप करू लागल्या, "वारंवार वीज आणि तारा जाणाऱ्या... असाधारण परिस्थितीसाठी. ठीक आहे ना?"

हर्षा केबल गुंडाळत होती, ती थांबली.

"साधारण लिवा, मॅडम. चोवीस तास लाइट राह्यते, ते असाधारण."